खोक्याची मागची बाजू

२०१६ च्या जूनमध्ये एएमडीनं 'आरएक्स ४८०' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं. आठ जीबी मेमरीच्या कार्डाची अमेरिकेतली किंमत होती २३९ डॉलर. २०२५ च्या मे महिन्यात एनव्हिडियाचं 'आरटीएक्स ५०६०' आलं, किंमत २९९ डॉलर. मेमरी आठ जीबीच. मधल्या नऊ वर्षांत कार्डावरची चिप कितीतरी पट वेगवान झाली. गेममधलं पाणी, सावल्या, माणसांचे चेहरे पार बदलून गेले. पण साध्या नोकरदार घरातली मुलं ज्या किमतीत कार्ड शोधतात, त्या किमतीतल्या पुष्कळ कार्डांवर मेमरीचा आकडा जागचा हलला नाही.

हा लेख त्या किमतीतल्या कार्डांविषयी आहे. दोन लाखांचं कार्ड घेणाऱ्याला सल्ला फारसा लागत नाही. सगळ्यात महाग ते सगळ्यात वेगवान, एवढं कळलं की त्याचं काम भागतं. पंचवीस ते पंचेचाळीस हजारांत ज्यांना भागवायचं असतं, त्यांना प्रत्येक हजार रुपयांचा विचार करावा लागतो आणि कंपन्यांनी हात आखडता घेतलाय तो नेमका याच पट्ट्यात. एकाच नावाखाली दोन वेगळ्या ताकदीची कार्डं इथेच विकली जातात. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाव असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तपशील असतो आणि तिथेही नसलेला कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यातले चार आकडे कामाचे: मेमरी किती, मेमरीची बस किती बिटची, मदरबोर्डाशी जोडणाऱ्या लेन किती आणि वीज किती वॅट. कार्ड या चार आकड्यांवरून निवडावं, आणि त्याहीआधी टेबलावरच्या मॉनिटरवरून, असं माझं ठाम मत आहे.

*

मुंबईत संगणकाचे सुटे भाग घ्यायचे म्हटलं की ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही जुनंच नाव घेतात. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आहे. ऑनलाइन दुकानं आली तरी या गल्ल्या ओस पडल्या नाहीत. कारण कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम असं सगळं एका दिवसात हातात मिळतं आणि दुकानातला मुलगा ते समोर बसून जोडूनही देतो. बारावीचा निकाल, इंजिनिअरिंगचा प्रवेश, दिवाळीचा बोनस या तीन मुहूर्तांवर बाप-लेक इथे जोडीनं दिसतात.

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'बजेट किती?' प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा क्रम चुकतो. पहिल्यांदा विचारायला हवं की मॉनिटर कोणता आहे आणि त्यावर खेळायचं काय.

फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १,४४० पी म्हणतात त्या पडद्यावर ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००, बरोबर चौपट. यातला प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवायचा असेल, तर एका चौकटीसाठी, म्हणजे फ्रेमसाठी, कार्डाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर जेमतेम ६.९. कार्डाची सगळी धडपड या एवढ्याशा वेळात चालते. साठ हर्ट्‌झच्या फुल एचडी मॉनिटरला फोर-केचं कार्ड जोडलं, तर त्याची बहुतेक ताकद पडून राहते, कारण त्या पडद्यावर साठाव्या चौकटीनंतरची चौकट दिसणारच नसते. चाळीस हजार हाताशी असतील आणि मॉनिटर दहा वर्षांचा जुना असेल, तर तीस हजारांचं कार्ड आणि दहा हजारांचा नवा मॉनिटर ही जोडी चाळीस हजारांच्या कार्डापेक्षा जास्त आनंद देईल.

खेळायचं काय, हेही तितकंच महत्त्वाचं. 'व्हॅलोरंट'सारखा स्पर्धात्मक गेम साध्या संगणकांवरही पळावा म्हणूनच बांधलेला आहे. तिथे फ्रेम अडतात त्या बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे. ज्याला मित्रांबरोबर एवढंच खेळायचं आहे त्यानं रायझेन ५ ८६००जी सारखा अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्ड घेऊच नये, निदान पहिल्या वर्षी तरी. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. 'सायबरपंक २०७७'सारखं अवाढव्य शहर पडद्यावर उभं करायचं असेल, तर मात्र कार्डाशिवाय गत्यंतर नाही.

*

आता मेमरी. लोकांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

गल्लीबोळातल्या दुकानात आजही 'दोन जीबीचं कार्ड', 'चार जीबीचं कार्ड' अशी विक्री चालते, जणू मेमरी हीच कार्डाची ताकद. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड चार जीबी मेमरी लावून विकलं जातं. त्यावरची चिप इतकी अशक्त आहे की चार जीबी भरेल असा गेम ती चालवूच शकत नाही. असा आकडा पाहून भुललेली मुलं आणि त्यांचे पालक या बाजारात रोज भेटतात. मेमरी जास्त म्हणजे कार्ड चांगलं, असं समीकरण नाही.

पण उलटं समीकरण खरं आहे. चिप दमदार असेल आणि मेमरी कमी, तर ती चिप वाया जाते. कार्डावरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि संगणकाची रॅम म्हणजे आतली कोठीची खोली. ओट्यावर मावतं तोवर हात झरझर चालतात. मावेनासं झालं की प्रत्येक डब्यासाठी कोठीत जावं लागतं. आरटीएक्स ५०६० ची चिप आपल्या कार्डावरच्या मेमरीतून सेकंदाला ४४८ जीबी माहिती उचलू शकते. तीच माहिती मदरबोर्ड ओलांडून रॅममधून आणायची झाली, तर जुन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम आठ जीबी येते. चारशे अठ्ठेचाळीस आणि आठ. म्हणून मेमरी भरली की गेम हळूहळू मंदावत नाही. तो मधेच अडखळतो, झटका देतो, भिंतीवरचं चित्र पुसट राहतं, समोरच्या माणसाचा चेहरा दोन सेकंद मातीच्या गोळ्यासारखा दिसतो. सरासरी एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चौकटी याचा, आकडा मात्र बरा दिसत राहतो. त्यामुळे कार्डाची चाचणी पाहताना सरासरीपेक्षा 'वन परसेंट लो' हा आकडा पाहावा. सगळ्यात वाईट क्षणी कार्ड कसं वागतं, ते त्यातून कळतं.

आठ जीबी आत्ताच कमी का पडू लागली, याचं उत्तर दिवाणखान्यातल्या खेळयंत्रांत आहे. बहुतेक मोठे गेम आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून बनतात. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून आठ जीबी मेमरी होती. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती १६ जीबी झाली. दोन-तीन वर्षं गेम दोन्ही पिढ्यांसाठी बनत राहिले, तोवर पीसीवाल्यांना काही जाणवलं नाही. जुन्या पिढीचा हात सुटला आणि मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' पीसीवर आला, तेव्हा आठ जीबीची चांगली महागडी कार्डं फुल एचडीवरही धापा टाकू लागली. पुढे त्या गेममध्ये दुरुस्त्या झाल्या, परिस्थिती सुधारली. पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय, ते त्या महिन्यात सगळ्यांना दिसलं.

मग कंपन्या दहा किंवा बारा जीबी का देत नाहीत? याचं गणित बसमध्ये आहे आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकानं एकदा समजून घ्यावं. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटच्या वाटेनं मुख्य चिपला जोडलेली असते आणि प्रचलित चिप दोन जीबीची असते. १२८ बिटची बस म्हणजे चार चिप, म्हणजे आठ जीबी. वाढवायचीच असेल तर बोर्डाच्या पाठीवर आणखी चार चिप डकवून एकदम सोळा करावी लागते; मधला थांबा नाही. १९२ बिटची बस ठेवली की सहा चिप, बारा जीबी. २०१६ चं जीटीएक्स १०६० आणि २०२१ चं आरटीएक्स ३०६० या दोन्हींची बस १९२ बिटची होती. २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये ती १२८ वर आणली गेली, आणि त्याबरोबर ३०६० ची बारा जीबी ४०६० मध्ये आठ झाली. नावातला आकडा एक हजारानं चढला, मेमरी चार जीबीनं उतरली. चिपवरच्या मोठ्या कॅशनं ती कसर बरीचशी भरून निघते, हेही खरं. ४०६० बहुतेक गेममध्ये ३०६० पेक्षा वेगवान आहे आणि अवघी ११५ वॅट वीज खातं. पण मेमरी भरून वाहू लागली की कॅशचा इलाज चालत नाही.

*

नावांचा इतिहास पाहिला की सावध राहायची सवय आपोआप लागते. हे प्रकार मी आठवणीनं नोंदवतोय, कारण यातली अनेक कार्डं आजही जुन्या बाजारात फिरताहेत.

२०१६ मध्ये जीटीएक्स १०६० सहा जीबी आणि तीन जीबी अशा दोन रूपांत आलं. घेणाऱ्याची समजूत अशी की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात सहा जीबीच्या कार्डात १,२८० गणनकोश, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, होते, तीनच्या कार्डात १,१५२. मुळात ती वेगळी कार्डं होती. २०१८ मध्ये जीटी १०३० या अगदी स्वस्त कार्डाबाबत याहून वाईट झालं. जीडीडीआर ५ मेमरी काढून तिथे साधी डीडीआर ४ बसवली गेली. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्या आत आला, नाव तेच राहिलं. सगळ्यात कमी पैसे असलेल्या मुलाच्या कार्डात ही काटछाट झाली, याचा मला आजही राग येतो. आरटीएक्स ३०५० चंही तसंच: २०२२ च्या कार्डात आठ जीबी आणि २,५६० गणनकोश, २०२४ च्या कार्डात सहा जीबी आणि २,३०४. एएमडीही यात मागे नाही. २०१८ मध्ये चिनी बाजारासाठी आलेलं 'आरएक्स ५८० २०४८ एसपी' हे कार्ड खऱ्या आरएक्स ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे. खऱ्यात २,३०४ कोश असतात. आपल्याकडे स्वस्त ५८० म्हणून जे दाखवलं जातं, ते पुष्कळदा हेच निघतं.

गिऱ्हाइकांनी आवाज उठवला तर काय होतं, त्याचीही दोन उदाहरणं आहेत. २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर चार जीबी मेमरी लिहिलेली होती. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं की त्यातली साडेतीन जीबीच पूर्ण वेगानं चालते, उरलेली अर्धी फार मंद आहे. अमेरिकेत खटला झाला आणि तडजोडीत प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर द्यायचं ठरलं. दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२२ चं. एनव्हिडियानं आरटीएक्स ४०८० हे नाव १६ जीबी आणि १२ जीबी अशा दोन वेगळ्याच चिपच्या कार्डांना दिलं. टीकेची एवढी झोड उठली की महिन्याच्या आत १२ जीबीचं कार्ड मागे घ्यावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय या नावानं आलं, आणि १०० डॉलर स्वस्त. माणसं बोलली म्हणून १०० डॉलर वाचले.

एवढं होऊनही २०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांची आठ आणि सोळा जीबी अशी दोन रूपं एकाच नावानं विकायला ठेवली आहेत. ऑनलाइन खरेदीत घाईघाईनं बटण दाबलं की आठ जीबीचं घरी येतं. ५०६० बाजारात आलं त्या दिवसापर्यंत तर स्वतंत्र चाचणी करणाऱ्यांच्या हाती त्याचे ड्रायव्हरच दिले गेले नव्हते. कोणतंही नवं कार्ड पहिल्या दिवशी घेऊ नये, एवढा धडा त्यातून मी घेतला.

हे सगळं का घडतं, ते एनव्हिडियाच्या ताळेबंदात दिसतं. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची गेमिंगमधली विक्री १२.५ अब्ज डॉलर होती आणि डेटा सेंटरमधली १०.६ अब्ज. गेम खेळणारा हा तेव्हा तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, डेटा सेंटरची विक्री ११५ अब्जांवर गेली आणि गेमिंग सुमारे ११.४ अब्जांवर राहिलं. १९९३ मध्ये तीन अभियंत्यांनी खेळांच्या चित्रांसाठी काढलेल्या कंपनीच्या उत्पन्नात खेळणाऱ्याचा वाटा त्या वर्षी रुपयात नऊ पैशांच्या आसपास होता. त्यात ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची कामं करायची आहेत त्यांना मेमरीच हवी असते. स्वस्त कार्डावर भरपूर मेमरी दिली तर महागडी कार्डं कोण घेईल? आठ जीबीचा हट्ट मला यामुळेच कळतो. कळतो, पण पटत नाही.

*

'ही मेमरी वगैरे जुनी गोष्ट झाली, आता एआय फ्रेम बनवतं,' असं सांगणारे बाजारात पुष्कळ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० ला १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी जमते, असं जाहीर केलं. त्या तुलनेत ५०७० च्या दर चार चौकटींपैकी तीन यंत्रानं कल्पनेनं भरलेल्या होत्या. चित्र गुळगुळीत दिसतं, यात वाद नाही. पण तुम्ही माउस हलवल्यावर गेमचा प्रतिसाद येतो तो खऱ्या चौकटीतूनच. मुळात सेकंदाला पंचवीसच खऱ्या चौकटी निघत असतील, तर पडद्यावर शंभर दिसल्या तरी हाताला पंचवीसचाच जडपणा जाणवतो. आणि या चौकटी बनवायलाही कार्डाचीच मेमरी लागते.

याच कुटुंबातलं दुसरं तंत्र मात्र मोलाचं आहे. गेम कमी ठिपक्यांत रंगवायचा आणि मग तो मोठा, रेखीव करायचा, त्याला एनव्हिडिया डीएलएसएस म्हणते, एएमडी एफएसआर आणि इंटेल एक्सईएसएस. २०२० च्या डीएलएसएस २ पासून यात खरी सुधारणा झाली आणि त्यामुळे कार्डाचं आयुष्य एक-दोन वर्षांनी सहज वाढतं. एएमडीचं एफएसआर बराच काळ मागे होतं. २०२५ च्या एफएसआर ४ नं ती दरी बरीच भरून काढली, पण अधिकृतपणे ते आरएक्स ९००० मालिकेतल्या कार्डांसाठीच आलं.

रे ट्रेसिंगबद्दल, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवण्याबद्दल, थोडक्यात. मधल्या किमतीच्या कार्डानं त्याच्या मागे लागू नये. पण ज्या कार्डात ते अजिबात नाही असं कार्डही आता घेऊ नये. डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' हे गेम रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डांना विचारातच घेत नाहीत. एकेकाळचं दिमाखदार जीटीएक्स १०८० टीआय, अकरा जीबी मेमरी असूनही, इथे बाद होतं.

*

कार्ड कागदावर निवडून झालं तरी ते घरात चालायला हवं. आपल्याकडच्या घरांत अडचण येते ती विजेची आणि उन्हाची.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस काढून ठेवा. त्यावर ५०० वॅट छापलेलं असलं तरी कार्डाला लागणारा १२ व्होल्टचा प्रवाह तो खात्रीनं देईल याचा भरवसा नाही, आणि तो गेला तर सोबत कार्ड आणि मदरबोर्ड घेऊन जाऊ शकतो. मधल्या किमतीच्या कार्डाला नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. तीस हजारांचं कार्ड आणि हजाराचा एसएमपीएस अशी जुळणी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

मग यूपीएस. घरोघरी दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. १४५ वॅटचं कार्ड, ऐंशी-नव्वद वॅटचा प्रोसेसर, पंखे, डिस्क, मॉनिटर अशी बेरीज तीनशेच्या आसपास जाते, आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा त्याच्याही वर. वीज गेली की यूपीएस किंचाळतो आणि संगणक बंद पडतो, तो यामुळे. भारनियमन किंवा वारंवार वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात १,००० व्हीएचा यूपीएस बजेटमध्ये आधीच धरावा. महिन्याच्या बिलाचाही हिशेब करता येतो. रोज तीन तास खेळलं तर १४५ वॅटचं कार्ड महिन्याला सुमारे १३ युनिट खातं, ३०४ वॅटचं आरएक्स ९०७० एक्सटी सुमारे २७. महावितरणच्या दरात शंभर युनिटांनंतर टप्पा बदलतो, हे ध्यानात घेतलं तर घरातल्या मोठ्यांशी बोलणं सोपं जातं.

उन्हाबद्दल विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की कार्डही साधारण तेवढंच चढतं. पुण्यात जानेवारीत ६५ अंशांवर शांत चालणारं कार्ड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ऐंशीच्या पुढे जातं, पंखे घरघरू लागतात आणि चिप स्वतःच वेग उतरवते. दर्शनी काचेचं कॅबिनेट छान दिसतं, पण आपल्या हवेला जाळीचंच हवं. तिथले मित्र जास्त वॅटच्या कार्डाऐवजी कमी वॅटचं घेतात, ते शहाणपणाचं आहे.

जुन्या मदरबोर्डावर कार्ड बसवणाऱ्यांनी लेन मोजाव्यात. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय आठ लेनवर चालतात. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनवर. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डावर हा फरक मेमरी भरल्यावर ठळक जाणवतो. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं आहे. जुन्या बोर्डावर ते घेऊच नये. इंटेलचं आर्क बी५८० हे २४९ डॉलरला आलेलं, बारा जीबी आणि १९२ बिटचं कार्ड किमतीच्या मानानं उदार आहे, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम खुली करणारी सोय) असलेला बोर्ड आणि ताजा प्रोसेसर लागतो. रायझेन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरवरही काही गेममध्ये ते मागे पडतं. ऑफिसातून बाद झालेला जुना ब्रँडेड संगणक घेऊन त्यात कार्ड घालणाऱ्यांसाठी आरटीएक्स ३०५० चं सहा जीबी रूप कामाचं आहे. ते ७० वॅटचं असल्यानं वेगळी वीजजोडणी लागत नाही. नावाची लबाडी वेगळी आणि वस्तूचा उपयोग वेगळा.

*

जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे आणि तो टाळा असं मी म्हणणार नाही. अनेकांचा पहिला संगणक त्यावरच उभा राहतो. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डांचे थवेच्या थवे रात्रंदिवस चालले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज एका दिवसात संपली आणि ती सगळी कार्डं जगभरच्या जुन्या बाजारांत आली. खाणीतलं कार्ड नेहमीच खराब निघतं असं नाही, पण त्याची मेमरी फार तापलेली असते आणि पंखे झिजलेले.

जुनं कार्ड चालू संगणकात बसवून, समोर अर्धा तास भारी गेम किंवा चाचणी चालवूनच घ्यावं. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे दिसले तर तिथूनच परत फिरावं. 'जीपीयू-झी' हा फुकट प्रोग्रॅम चालवून चिपचं नाव, गणनकोश आणि बस पडताळावी. जुनी चिप घेऊन, तिच्या बायॉसमध्ये फेरफार करून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार इतके झाले की २०१८ मध्ये या प्रोग्रॅममध्ये बनावट कार्ड ओळखण्याची खास सोय करावी लागली.

*

आता निवाडा. डॉलर ८५ रुपयांचा धरला आणि १८ टक्के जीएसटी जोडला, तर २९९ डॉलरचं कार्ड आपल्याकडे सुमारे ३०,००० रुपयांना पडायला हवं, ३४९ चं ३५,००० ला, ४२९ चं ४३,००० ला आणि २४९ चं २५,००० ला. दुकानातली किंमत याच्या फार वर असेल तर थांबावं.

या हिशेबानं तीस हजारांचं आठ जीबीचं नवं कार्ड घेऊ नये, असं माझं मत आहे. पाच हजार आणखी जमवून ३४९ डॉलरला आलेलं आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं रूप घ्यावं. फुल एचडीला ते भरपूर आहे आणि १,४४० पीला पुरेसं. प्रोसेसर आणि बोर्ड नवे असतील आणि पंचवीसच हजार असतील तर बी५८०. ज्याला खेळाबरोबर ब्लेंडरमध्ये काम करायचंय, व्हिडिओ संपादन किंवा मशीन लर्निंग शिकायचंय त्यानं मात्र एनव्हिडियाकडेच जावं, कारण तिची क्यूडा ही प्रणाली २००७ पासून त्या कामांची पायाभूत सोय बनली आहे. त्याच्यासाठी ४२९ डॉलरला आलेलं ५०६० टीआय, १६ जीबी. हा खर्च मी खेळाच्या खात्यात धरत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं बनवलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये जगभर पोचला. असं काही बनवायचं मनात असणाऱ्या मुलीच्या टेबलावर सोळा जीबीचं कार्ड असावं, असं मला मनापासून वाटतं. आणि पैसे जमतच नसतील, तर अंगभूत ग्राफिक्सवर सुरुवात करावी. कार्डाची जागा मदरबोर्डावर रिकामी राहते, ती वर्षभरानं भरता येते.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. 'बिल नको असेल तर दोन हजार कमी,' असं काउंटरवर कुणी म्हटलं तर ऐकू नका. कार्डाला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि बिघाड झाल्यावर काही कंपन्या सिरियल नंबर पाहतात, काही मूळ बिल मागतात. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव, मेमरीचा आकडा आणि सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून पाऊल बाहेर टाकू नका.